जांभळा बाण

माणसाला उजवी आणि डावी अशा दोन बाजू असतात, ही गोष्ट माझ्या दिल्लीच्या घरमालकीणबाईंइतकी मनावर घेतलेलं दुसरं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. आपण सगळे ही गोष्ट बालवाडीत शिकतो आणि तिथेच ठेवून येतो. बाईंनी ती पन्नाशीपर्यंत जवळ बाळगली होती. यमुनेपलीकडच्या एका नव्या सेक्टरात, लिफ्टचा खड्डा तयार असलेल्या पण लिफ्ट न आलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा दाराच्या कडीवर, पंख्याच्या बटणावर, गॅसच्या नळीवर, न्हाणीघराच्या नळांवर, इतकंच काय तर मिठाच्या बरणीवरही जांभळे बाण काढलेले होते. जखमेला लावायचं ते जांभळं औषध असतं ना, त्याने, काडीला कापूस गुंडाळून. मला वाटलं, घरात कुणी विसराळू म्हातारं माणूस असेल. घरात बाई एकट्याच होत्या आणि विसरणं त्यांना अजिबात जमत नव्हतं.

त्या हाडांच्या सर्जन होत्या. त्या काळात दिल्लीत असं सांगितलं की लोक पुन्हा विचारायचे, "बच्चों की डॉक्टर?" त्यांचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे त्यांचं सगळं आयुष्य दिल्लीत गेलेलं. मराठी घरातलं शुद्ध, पण मधेमधे हिंदीचे खडे लागायचे. माझी त्यांची ओळख झाली ती कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात. माझे वडील हिंगोलीच्या एसटी डेपोत बसचे टायर बदलायचे. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सरकारी कॉलेजातून डॉक्टर झाले आणि दिल्लीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात हाडांच्या विभागात एक वर्षाची नोकरी मिळाली, तेव्हा डेपोत पेढे वाटले गेले होते. दिल्लीत पोचल्यावर कळलं, की हाडांच्या विभागात मुली येत नाहीत, म्हणून त्यांच्या डॉक्टरांच्या निवासात मुलींसाठी खोलीच नाही. सदनात चार दिवस काढले. रविवारी तिथल्या उपाहारगृहात ट्रे घेऊन चालले होते, तेवढ्यात थालीपीठ खात बसलेल्या एक ठेंगण्या, कापलेल्या केसांच्या बाई मोठ्याने म्हणाल्या, "ए मुली, तुझा डावा पाय छोटा आहे. बिल्कुल थोडा. कुणी सांगितलं नाही?"

"नाही," मी म्हणाले.

"काय करतेस?"

"हाडांच्या विभागात आहे."

"हाडांच्या विभागात आहेस अन् कुणी सांगितलं नाही?" त्यांनी पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "चलो. राहायला कुठे आहेस?"

त्याच संध्याकाळी माझी पेटी तिसऱ्या मजल्यावर गेली. भाड्याचं विचारलं तर म्हणाल्या, "दूध तू आण. आणि माझ्या घरात 'बहुतेक' म्हणायचं नाही. 'शायद' पण नाही." ही अट मला गमतीची वाटली. पण ती गंमत नव्हती. "दूधवाला येऊन गेला?" "बहुतेक गेला असेल." एवढं म्हणायचा अवकाश, की बाई हातातलं काम टाकून समोर उभ्या राहायच्या. "गेला, की नाही गेला? माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हण. त्यात शरम नाही. बहुतेकमध्ये आहे." एकदा शेजारचे खन्नाजी म्हणाले, आज शायद पाऊस पडेल. बाईंनी त्यांना गच्चीवर नेऊन आकाश दाखवलं आणि एक काय ते ठरवायला लावलं. खन्नाजी त्यानंतर आमच्या दारावरून जाताना हवामानाचा विषय काढत नसत.

बाईंना माणसं चेहऱ्याने आठवत नसत, चालीने आठवत. पोस्टमनला त्या 'पुराना टखना', म्हणजे जुना घोटा, म्हणायच्या, सोसायटीच्या सेक्रेटरींना 'बायाँ कंधा'. लग्नाच्या पंगतीत नवरीकडे पाहून डोळे पुसणाऱ्या बायांच्या मधे बसून त्या नवरदेवाच्या पायांकडे पाहायच्या. "कमान नाही याच्या पावलांना. फौजमध्ये घेणार नाहीत," असं त्या एका ठिकाणी नवरीच्या आत्यालाच म्हणाल्या. एकदा मराठी मंडळाने पानिपतला, काला अंबला, जिथे लढाई झाली तिथे, सहल नेली आणि ज्येष्ठ डॉक्टर म्हणून बाईंना चार शब्द बोलायला सांगितलं. आधी दोघांनी पराक्रमावर भाषणं केली होती. बाई उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, की इथे जे जागच्या जागी गेले ते सुटले. पण मांडीचं हाड मोडून थंडीत जे पडून राहिले, त्यांना मरायला किती वेळ लागला असेल याचा विचार करावा. मग तो वेळ कशाकशावर अवलंबून असतो हे त्यांनी सविस्तर सांगितलं. नंतर पुरी-भाजीचे डबे उघडले, पण कुणी फारसं जेवलं नाही. मंडळाने पुन्हा त्यांना बोलावलं नाही. बसमध्ये मी त्यांच्याजवळ बसले होते. त्या खिडकीतून नव्या रस्त्याची कामं बघत होत्या. म्हणाल्या, "कुणी त्यांना बाजूला तरी घेतलं असेल का गं?"

सर्जन म्हणून त्यांनी काय काय सोसलं ते त्या विनोदाने सांगत. हॉस्पिटलातले रबरी हातमोजे पुरुषांच्या मापाचे. त्यांच्या हातात बोटांची टोकं मोकळी लोंबायची. म्हणून त्या स्वतःचे सहा नंबरचे मोजे उकळून डब्यातून न्यायच्या, जेवणाच्या डब्यासारखे. ऑपरेशनच्या टेबलाशी उंची पुरायची नाही, म्हणून स्वतः रंधा मारून एक पाट केला होता. त्यावर उभं राहून त्या मांडीत सळई ठोकायच्या. एक्स-रेच्या वेळी किरण अडवायला अंगात घालायचा शिशाचा एप्रनही उंचापुऱ्या माणसाच्या मापाचा, काखेशी हा एवढा उघडा. त्याला त्यांनी घरच्या मशीनवर नाड्या शिवल्या, पण शिसं काही शिवता येत नाही. पुरुष डॉक्टर कपडे बदलायच्या खोलीत बसून पुढच्या केस वाटून घ्यायचे, आणि बाई नर्सेसच्या खोलीत कपडे बदलायच्या. बाहेर येईपर्यंत वाटणी झालेली. पेशंट विचारायचे, "सिस्टर, डॉक्टर साहब कब आएँगे?" बाई म्हणायच्या, "आ गए," आणि हात पुढे करायच्या. मी भेटले तेव्हा त्यांनी ते मोठं हॉस्पिटल सोडलेलं होतं आणि सेक्टरातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये त्या प्लास्टर घालायच्या. का सोडलं, ते मात्र त्यांनी विनोदाने किंवा दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने सांगितलं नव्हतं.

सुतारकाम त्यांच्या हातात होतं. शनिवारी ड्रिल मशीन काढायच्या आणि साऱ्या मजल्याच्या बिजागऱ्या ठीक करून यायच्या. पण स्वतःच्या घरातलं फर्निचर मात्र काहीतरी विचित्र. स्वयंपाकघरात एक उंच स्टूल, त्याच्या डाव्या अंगाला पुढे निघालेली एक लांब फळी, जशी काही घसरगुंडी. कपाटांचे सगळे कप्पे कमरेच्या वर, खाली नुसती मोकळी भिंत. न्हाणीघरात दोन मोठ्या मुठी. महिनाभराने लक्षात आलं, की हे घर बाईंच्या मापाचं नाहीच. ते रामरतीच्या मापाचं आहे.

रामरती स्वयंपाकाला यायची. बुंदेलखंडातली, सेक्टर बांधायला आलेल्या मजुरांपैकी. तिचा डावा गुडघा वाकत नसे. तीन मजले ती तो पाय काठीसारखा बाहेरून फिरवत चढायची, मग स्टुलावर बसून डावा पाय त्या फळीवर ठेवायची आणि पोळ्या लाटायची. गप्पिष्ट होती. मी आल्या आल्या मला सगळी हकीकत ऐकवली. मचाणावरून पडली, दोन्ही गुडघे फुटले. "एक पाँव दीदी ने बचा लिया. दूसरे में मेरी क़िस्मत नहीं थी." मग बाईंकडे बघून, "दीदी न होतीं तो दोनों जाते." बाई त्या वेळी नेहमी उठून दुसऱ्या खोलीत जायच्या. मला वाटायचं, स्तुती आवडत नाही.

त्या थंडीत आम्ही गच्चीवर उन्हात मटार सोलत बसलो होतो. मला विभागात सात महिने झाले होते. मोठे सर, म्हणजे विभागाचे प्रमुख, माझ्यावर खूश होते. पुढच्या शिक्षणाची जागा, म्हणजे खरी सर्जन होण्याची वाट, त्यांच्या शब्दावर होती आणि तो शब्द त्यांनी जवळजवळ दिला होता. हिंगोलीला मी तसं पत्र टाकलं होतं. बाईंना एका पेशंटबद्दल सांगताना मी सहज म्हणाले, "बहुतेक उजवा घोटा असावा." बाईंनी मटाराची शेंग खाली ठेवली. या वेळी रागावल्या नाहीत.

"अकरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "तुमचेच मोठे सर. तेव्हा पण तेच. मी असिस्ट करत होते. त्या बाईचे दोन्ही गुडघे सुजले होते. पण हाडाचा तुकडा उजव्यात होता. डावा नुसता मुका मार. पट्टी बांधून बरा झाला असता. आदल्या दिवशी वॉर्डात मीच तपासलं होतं. ऑपरेशनला गेलो तर कुणीतरी एक्स-रेची फिल्म उलटी लटकवलेली. कोपऱ्यातलं बाजू सांगणारं अक्षर कापलं गेलेलं. फिल्म उलटी केली की उजवा गुडघा डावा दिसतो, तुला माहीत आहे. त्यांनी डावा औषधाने रंगवून, भोवती निर्जंतुक कपडे घालून ठेवला होता. मी बघितलं. मला माहीत होतं, अगं. माहीत होतं! आणि मी काय म्हणाले? 'सर, राइट था शायद.'"

खाली कुणाच्या तरी घरी नव्या केबलवरचं गाणं लागलं होतं.

"सर म्हणाले, 'मैडम, पकड़ के रखिए.' मी पकडून ठेवलं. जखमेच्या कडा मी धरल्या. ते 'शायद' मी का लावलं माहीत आहे? त्या विभागात मी पहिली बाई. ती जागा मला केवढ्या मुश्किलीने मिळाली होती. 'शायद' लावलं की कुणाला राग येत नाही."

डाव्यात काहीच निघालं नाही. तो बंद केला, मग उजवा उघडला. कागदावर 'दोन्ही गुडघे' असं लिहिलं गेलं आणि असिस्टंट म्हणून बाईंची सही झाली. उजवा सुधारला. डाव्यात पू झाला आणि तो कायमचा आखडला.

"रामरती," मी म्हणाले.

"आणि कोण?"

"तिला माहीत आहे?"

बाईंनी शेंग उचलली. "तिला वाटतं मी एक पाय वाचवला," त्या म्हणाल्या आणि सोलू लागल्या.

ते दिवस आमच्या विभागाच्या भरभराटीचे होते. नवे रस्ते, नव्या मोटरसायकली, नव्या इमारती. सगळीकडे देश धावतोय असं लिहून यायचं आणि धावता धावता पडलेले आमच्याकडे यायचे. फेब्रुवारीत एक कुरियर कंपनीतला माणूस आला. अपघातात दोन्ही मांड्या मोडून आधी कुठेतरी दोन्हींत सळया घातलेल्या. आता उजवी सळई आत मोडली होती, ती काढायची होती. आदल्या संध्याकाळी मी त्याला तपासलं आणि बाईंची सवय अंगी लागलेली, म्हणून उजव्या मांडीवर जांभळा बाण काढला. तो हसला. म्हणाला, "मैडम, रास्ता भूल जाओगी क्या?" सकाळी वॉर्डातल्या कुणीतरी आंघोळ घालताना 'हे काय लागलंय' म्हणून स्पिरिटने घासून तो काढून टाकला.

ऑपरेशन थिएटरात मी कडा धरायच्या जागी उभी होते, पायाखाली बाईंकडून उसना नेलेला पाट. डावी मांडी रंगवून तयार होती. फिल्म उजेडावर लावलेली होती आणि ती उलटी होती. मला बघताक्षणी कळलं. सरांनी हात पुढे केला, नर्सने चाकू ठेवला. मला हिंगोलीला टाकलेलं पत्र आठवलं. वडिलांनी ते डेपोच्या फळ्यावर लावलं होतं. आणि माझ्या तोंडाशी आधी आला तो 'शायद'च. तो मी अक्षरशः गिळला.

"सर, राइट है."

सगळे थांबले. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आप पक्का कह रही हैं?"

"पक्का. फ़िल्म उलटी है."

कुणीतरी फिल्म उतरवून उजेडावर सुलटी केली. मग डावीवरचे कपडे काढून उजवी रंगवायला घेतली गेली. ऑपरेशन नीट झालं. हात धुताना सर शेजारी उभे राहून शांतपणे म्हणाले, "हाथ अच्छा है आपका. लेकिन टेबल पर सबके सामने... ऑर्थो टीम का काम है. आप लोगों के लिए गायनी भी अच्छी ब्रांच है." महिन्याभरात ती जागा दुसऱ्याला गेली.

पण ते पुढचं. त्या दिवशी मी दुपारी चारला घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बाईंना सगळं सांगितलं. शाबास म्हणतील असं मला वाटलं होतं, हे कबूल करते. बाई वळल्या. रामरती स्टुलावर बसून पोळ्या लाटत होती.

"रामरती, तुम्हारा बायाँ घुटना ख़राब नहीं था. हमने ग़लत घुटना खोला. मैं वहीं खड़ी थी. मुझे मालूम था."

रामरतीने तव्यावरची पोळी उलटवली, फुगेपर्यंत वाट पाहिली, उतरवली. गॅस बंद केला. "कितने लोग थे वहाँ?"

"सात."

"किसी और को मालूम था?"

"नहीं. मुझे था."

"अच्छा," रामरती म्हणाली. तिने पोळ्या फडक्यात गुंडाळल्या, हात धुतले, फळीवरचा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली घेतला आणि गेली. तीन मजले ती उतरेपर्यंत आम्ही दोघी तो आवाज ऐकत उभ्या होतो. एक पाऊल, एक घसटणं.

वीस दिवसांनी ती परत आली. असल्या पायाला दुसरीकडे काम मिळत नाही, एवढंच म्हणाली. पण स्टूल तिने भिंतीकडे सारलं आणि उभ्याने स्वयंपाक करू लागली. आणि बाईंना ती 'दीदी' म्हणेनाशी झाली. 'मैडम' म्हणायची, हॉस्पिटलातल्यासारखं. बाईंनी कधी तिला स्टुलावर बस म्हटलं नाही. मला म्हणाल्या, "तो तिचा हक्क आहे."

मी वर्ष संपवून परत गेले. दोन वर्षं अर्ज करत राहिले आणि शेवटी आपल्याकडच्या एका सरकारी कॉलेजात हाडांची जागा मिळवली. बाईंनी पार्सलने तो पाट पाठवला. खालच्या बाजूला जांभळा बाण होता, कुठल्या दिशेला कळेना. पत्रात लिहिलं होतं, 'तुझा डावा पाय छोटा आहे, म्हणून डावीकडे पाव इंच वाढवलाय.' त्या पाटावर उभी राहून मी सर्जन झाले आणि काही वर्षांनी गुडगावच्या एका नव्या हॉस्पिटलात आले. तेव्हा बाई साठीला आल्या होत्या. त्यांनी स्वतःच मला फोन केला. पलंगावरून नुसतं उठताना खुबा मोडला होता.

फिल्म पाहिली तेव्हा मला कळलं, की हाड पडून मोडलेलं नाही, आतून पोखरलेलं आहे. कर्करोगाचं मूळ काखेशी, छातीत होतं आणि सगळीकडे पसरलं होतं. त्यांनी ते वर्षभर कुणाला दाखवलं नव्हतं. ते कशामुळे झालं असं मला अनेकांनी विचारलं. तो काखेशी उघडा एप्रन मला आठवतो. पण उत्तर द्यायचं तर 'बहुतेक' म्हणावं लागेल, आणि बाईंबद्दल बोलताना तो शब्द मी वापरणार नाही. माहीत नाही.

ऑपरेशनने त्या वाचणार नव्हत्या. सळई घातली तर कूस बदलताना दुखणार नाही, राहिलेले दिवस बसून काढता येतील, इतकंच. "तू कर," त्या म्हणाल्या. वॉर्डात त्यांनी मला तीनदा विचारलं, "कुठली बाजू?" तीनदा मी म्हणाले, "उजवी." मी बाण काढायला बाटली मागवणार, एवढ्यात रामरती आली. तिचे केस पांढरे झाले होते. तो पाय तसाच बाहेरून फिरवत ती खाटेपाशी आली, पिशवीतून स्वयंपाकघरातली जांभळ्या औषधाची बाटली काढली, काडीला कापूस गुंडाळला आणि बाईंच्या पायावरची चादर बाजूला केली.

"ये वाला?"

"हाँ."

"पक्का?"

"पक्का," बाई म्हणाल्या.

रामरती वाकू शकत नव्हती. मी स्टूल सरकवलं. क्षणभर तिने त्याच्याकडे पाहिलं आणि बसली, ताठ पाय पुढे करून. तिला अक्षरओळख नव्हती, पण बाण तिने कितीतरी वर्षं रोज गॅसच्या नळीवर पाहिला होता. जीभ दातांत धरून ती रेघ ओढू लागली. बाईंना गुदगुल्या झाल्या की रडू आलं, मला सांगता येणार नाही. त्यांचा पाय हलला.

"दीदी, हिलो मत," रामरती म्हणाली. "टेढ़ा हो जाएगा."

बाई हलल्या नाहीत. बाण थोडा वाकडाच झाला. ऑपरेशन झाल्यावर आमच्याकडे असली खूण स्पिरिटने पुसून टाकतात. नर्स बोळा घेऊन आली, तेव्हा मी तिला थांबवलं. बाई त्यानंतर तीन आठवडे होत्या, आणि तो बाणही होता.